चारठाण्याच्या कोचाची चौकशी

बिझनेस कोच लावावा की लावू नये, या प्रश्नावर सूर्यभानराव हरकळ यांच्या सेलूच्या घरात अकरा दिवस चर्चा चालली. त्यातले दहा दिवस ती एकट्या सूर्यभानरावांनीच चालवली. राजेश्रीबाईंचं म्हणणं पहिल्या दिवशी चहाबरोबरच संपलं होतं.

"दिवाळीपर्यंत घाणा चालला तर चालला," त्या म्हणाल्या होत्या. "न्हाई तर आमच्या भागवतच्या दुकानात बसा. त्याला हिशोबाला माणूस पायजेच हाय."

भागवत म्हणजे राजेश्रीबाईंचा धाकटा भाऊ. त्याचं खत-बियाण्याचं दुकान. हा भागवत सूर्यभानरावांच्या लग्नात करवला होता आणि वरातीत दोनदा हरवला होता. त्याच्या हाताखाली बसून, त्याला 'मालक' म्हणून युरियाच्या पावत्या फाडायच्या, या कल्पनेनं सूर्यभानराव हातातला घास ताटात परत ठेवायचे. दिवाळीला तीन महिने होते.

पतसंस्थेतली सव्वीस वर्षांची नोकरी सोडून त्यांनी देवगाव फाट्याच्या रस्त्याला लाकडी घाणा टाकला होता. करडईचं तेल, शेंगदाण्याचं तेल, पेंड. तेलात खोट नव्हती, हे इथेच नोंदवून ठेवलेलं बरं, कारण पुढे बाकीच्या बऱ्याच गोष्टींत निघणार आहे. गिऱ्हाईक यायचं, तेल नाकाशी धरून मान डोलवायचं, घेऊन जायचं आणि पुन्हा यायचं नाही. का यायचं नाही, हे सूर्यभानरावांना कळत नव्हतं. कळलेले लोक सांगत नव्हते.

अशा वेळी परभणीच्या एका मंगल कार्यालयात त्यांनी शंतनु सरांचं मोफत शिबिर ऐकलं. सर तिशीच्या आतले, अंगात निळा कोट, कानाला माईक चिकटवलेला. "नोकरी म्हणजे गुलामगिरी," असं सर म्हणाले तेव्हा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे लोक अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेले होते. वर्षभराच्या मार्गदर्शनाची फी पंच्याण्णव हजार. पुढच्या आठवड्याच्या रविवारी रात्री बारापर्यंत भरली तर. नंतर ती किती होणार, हे सरांनी बोटांनी दाखवलं, पण मागच्या रांगेतून बोटं मोजता आली नाहीत.

पंच्याण्णव हजार घरात एकाच ठिकाणी होते, राजेश्रीबाईंच्या ठेवीत. ही ठेव सूर्यभानरावांनी पतसंस्थेत असताना स्वतःच्या हातानं उघडून दिली होती, आणि मुदतीआधी मोडणाऱ्याकडे कोणत्या नजरेनं बघायचं असतं तेही त्यांना पाठ होतं.

शिबिराचा फॉर्म मात्र त्यांना फार आवडला. चौदा पानं, प्रत्येक पानाखाली सहीची जागा. तो बघून त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. 'तुमच्या व्यवसायामागचा तुमचा “का” काय आहे?' या रकान्यात त्यांनी 'लागू नाही' असं लिहिलं. 'पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' इथे दुकानाचा पत्ता लिहिला. पिनकोडसकट.

फॉर्म भरून झाला आणि काशीनाथ आला. हा पतसंस्थेतला जुना सोबती, आजही वसुलीला फिरणारा. ज्याच्या दारी जायचं त्याची कुंडली आधी काढायची, हा त्याच्या धंद्याचा भाग. त्यानं फॉर्म उलटा केला आणि शेवटच्या पानावरचं बारीक अक्षर वाचलं. पैसे ज्याच्या खात्यात भरायचे, तिथे शंतनु हे नाव नव्हतंच. बजरंग आबासाहेब होतं, मुक्काम पोस्ट चारठाणा.

"शंतनु हे ष्टेजवरचं नाव दिसायलंय," काशीनाथ म्हणाला. "सूर्यभान, मोबाईलवर सगळेच देखणे असतात. माणूस त्याच्या गावात जाऊन बघावा. हॉटेलात बस, चहा घे, चार जणांला विचार. घर कसं हाय, पोरगं कसं हाय, व्यसन हाय का, शब्दाला पक्का हाय का. आमी दहा हजाराच्या कर्जाला विचारतो, तू तर लाखाला टेकलायस."

सल्ला शंभर टक्के बरोबर होता. आपल्या भागात अनोळखी माणूस दुसऱ्याच्या गावात जाऊन नेमके हेच प्रश्न आणखी कोणत्या कामासाठी विचारतो, एवढी एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. काशीनाथला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्याला माफी आहे. सूर्यभानरावांना लग्नाच्या वयाची मुलगी होती.

बुधवारी ते मोटारसायकलनं चारठाण्याला गेले. देवगाव फाट्यावर पेट्रोल टाकलं, धुतलेला पांढरा शर्ट, खिशात पेन आणि पॉकेट डायरी. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसून मालकाला विचारलं, "आबासाहेबांचा बजरंग कसा हाय हो, स्वभावानं?"

कोणीतरी बाकडं पुसलं. न मागता दुसरा चहा आला, त्याच्याबरोबर भज्याची प्लेट आली, आणि आसपासची चार माणसं खुर्च्या ओढून जवळ सरकली.

"पाव्हणे कुठले?"

"सेलूचे. हरकळ."

"बरं बरं. कोणत्या गावचे हरकळ?"

सूर्यभानरावांनी मूळ गाव सांगितलं. मामाचं गाव विचारलं, तेही सांगितलं. लोकांना व्यवहाराची किती समज आहे, असं त्यांना वाटलं.

"लेकरं किती?"

"एकच मुलगी. परभणीला, कृषी विद्यापीठात. शेवटचं वर्ष."

"लय चांगलं," हॉटेलवाला म्हणाला आणि भज्याचे पैसे घ्यायचे नाहीत असं पोऱ्याला नजरेनं सांगितलं.

मग माहिती सुरू झाली. पोरगं निर्व्यसनी, सुपारीचं खांडसुद्धा न्हाई. आईबापाच्या शब्दाबाहेर न्हाई. घरची बारा एकर, त्यातली सात पाण्याखाली. सूर्यभानरावांना जमिनीचं काय करायचं होतं कुणास ठाऊक, पण सात हा आकडाही त्यांनी डायरीत उतरवला. पतसंस्थेचा हात, मोकळा राहत नाही.

खरी माहिती मात्र हॉटेलात मिळत नसते. ती गाडीपर्यंत सोडायला येणारा माणूस देतो. इथेही एक म्हातारे गृहस्थ गाडीपर्यंत आले, सीटवर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी बाहेरगावचे, म्हणून सांगतो. पोरगं सोनं हाय. पण हाताला यश न्हाई. आधी शेळ्या पाळल्या, मग मोबाईलचं दुकान, मग शेडनेटमधली भाजी. तिन्ही बुडालं. बोलतो मातर असा, की बसमधून उतरलेला माणूस परत चढन."

सूर्यभानरावांनी डायरीत लिहिलं: तीन व्यवसायांचा अनुभव. वक्तृत्व उत्तम.

ते देवगाव फाट्यावर परत पोचायच्या आत, सेलूच्या हरकळांची पोरगी सांगून आली ही बातमी आबासाहेबांच्या ओसरीवर पोचून, तिचा चहासुद्धा होऊन गेला होता.

शुक्रवारी दुपारी सव्वा वाजता घाण्यावर एक साठीच्या बाई आल्या. त्या आबासाहेबांच्या थोरल्या बहीण कडूबाई, हे सूर्यभानरावांना रविवारी कळायचं होतं. त्या दिवशी त्यांना फक्त एक गिऱ्हाईक दिसलं.

"अर्धा किलो करडईचं द्या."

"टोकन घ्या," सूर्यभानराव म्हणाले.

कडूबाईंनी मागे वळून पाहिलं. दुकानात त्या एकट्याच होत्या. टोकन घेतलं, नंबर चौदा. मग रजिस्टर समोर आलं. नाव, गाव, मोबाईल, तेल कशासाठी पाहिजे, सही. कडूबाईंनी नाव सांगितलं, गाव माहेरचं न सांगता सासरचं सांगितलं, आणि सही केली. तेवढ्यात दीड वाजला. सूर्यभानरावांनी काचेच्या खिडकीत पाटी लावली, 'जेवणाची सुट्टी', आणि खिडकी ओढून घेतली. आतून डब्याचा आवाज आला.

कडूबाईंना पेंडीच्या पोत्यावर तासभर काढायचा होता. वेळ फुकट घालवायची सवय नसल्यानं शेजारच्या पंक्चरवाल्याकडे, समोरच्या किराणावाल्याकडे आणि रसवंतीवाल्या बाईकडे जाऊन आल्या. अडीचला खिडकी उघडली, तेल मिळालं, पावती मिळाली. पावतीवर 'माल परत घेतला जाणार नाही, तक्रार लेखी करावी' असा शिक्का होता. गिऱ्हाईकानं हू की चू केलं नाही, याचा सूर्यभानरावांना आनंद झाला. शिस्तीची माणसं आता कमी राहिली आहेत, असं ते संध्याकाळी घरी म्हणालेसुद्धा.

शनिवारी फोन आला. आवाज भारदस्त. "चारठाण्याहून आबासाहेब बोलतो. तुमी येऊन गेलाव, कळालं. उद्या आमी येतो. घरचेच तिघं हाव. जास्ती काही करू नका."

सूर्यभानराव भारावून गेले. फी भरायचा शेवटचा दिवस, आणि खुद्द सर घाणा बघायला येणार, तेही वडिलांना घेऊन. एवढी आपुलकी फी भरण्याआधीची आहे, तर नंतरची कशी असेल. त्यांनी राजेश्रीबाईंना ठेवीची पावती काढून ठेवायला सांगितलं. राजेश्रीबाईंनी ती काढली आणि पदराच्या गाठीत बांधली. देण्यासाठी की न देण्यासाठी, ते गाठीवरून कळत नव्हतं.

रविवारी दहा वाजता जीप आली. पुढे आबासाहेब, पांढरा फेटा, मागे कडूबाई, आणि दोघांच्या मध्ये उतरलेले शंतनु सर. निळा कोट नव्हता. कडक इस्त्रीचा फिका शर्ट होता आणि केसाला तेल. ते सोफ्यावर बाप आणि आत्या यांच्या मधोमध बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि फरशीच्या एका चौकोनाकडे बघू लागले.

सूर्यभानरावांनी कडूबाईंना ओळखलं. "अरे, टोकन नंबर चौदा," ते खुशीत म्हणाले. कडूबाई भिंतीकडे, पंख्याकडे, फ्रीजवरच्या कव्हराकडे क्रमानं बघत होत्या. राजेश्रीबाई पाणी घेऊन आल्या, कडूबाईंची ती नजर पाहिली आणि ट्रे तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. ही नजर त्यांना ओळखीची होती. अशा नजरेखालून त्या स्वतः एकदा गेल्या होत्या. आत जाऊन त्यांनी कांदा चिरायला घेतला, कारण काहीही झालं तरी पोहे लागणारच होते.

"सर, सुरुवात कशी करायची?" सूर्यभानरावांनी विचारलं.

सर तोंड उघडणार तोच आबासाहेब म्हणाले, "पोरगं काय बोलणार. मी सांगतो." आणि बैठकीतल्या रिवाजाप्रमाणे सरांचं तोंड पुन्हा मिटलं. ज्याच्या बोलण्याचे पंच्याण्णव हजार पडणार होते, तो माणूस पुढचा अर्धा तास एका वाक्यावर निभावणार होता.

"पोराच्या त्या कोचिंगचं तुमी धरूच नका," आबासाहेबांनी सरळ मुद्द्याला हात घातला. "तेवढं बघून माणूस मागं सरतो, आमाला माहीत हाय. त्याच्या कमाईवर आमचं घर न्हाई. ते आपलं रिकामं बसण्यापेक्षा बरं म्हणून करायलाय. सहा महिन्यात बंद करणार हाय. तलाठ्याचा फॉर्म भरलाय. मागल्या वेळी चार मार्कानं गेला."

सूर्यभानरावांनी डायरी उघडली होती, ती तशीच राहिली. "पण नोकरी म्हणजे गुलामगिरी, असं सर म्हणाले होते."

"कोण सर?"

सूर्यभानरावांनी बोट केलं. सगळ्यांनी त्या दिशेनं पाहिलं. शंतनु सरांनी फरशीचा चौकोन बदलला.

"असं म्हणला व्हय रे?" आबासाहेबांनी विचारलं.

"ते मार्केटिंगपुरतं असतंय, बाबा," शंतनु सर म्हणाले. अर्ध्या तासातलं हे त्यांचं एकमेव वाक्य.

पोहे घेऊन अपेक्षा आली. सुट्टीला घरी आलेली होती, केस धुऊन टॉवेल बांधलेला, अंगावर विद्यापीठाचा शेतावर घालायचा टी-शर्ट. कडूबाईंनी सोफ्यावरची जागा दोन इंच मोकळी केली आणि म्हणाल्या, "बस बाई. नाव काय तुजं?"

अपेक्षानं प्लेटा ठेवल्या, सोफ्याकडे पाहिलं, वडिलांच्या डायरीकडे पाहिलं, आणि तीन सेकंदांत जे तिच्या बापाला बुधवारपासून कळलं नव्हतं ते तिला कळलं. "मावशी, नाव अपेक्षा," ती म्हणाली. "पण आमचे अण्णा यांना घाण्यासाठी कोच लावायलेत. मला बघायला आलाव असं वाटत असन, तर आधी अण्णांला विचारा. त्यांलाबी आत्ताच कळायलंय."

आबासाहेबांनी उचललेला पोह्यांचा चमचा परत प्लेटीत ठेवला.

"म्हणजे," आबासाहेब सावकाश म्हणाले, "तुमी आमच्या गावात जाऊन, आमच्या पोराचं व्यसन, शेती, स्वभाव विचारला, ते त्याला कामाला ठेवायला?"

"कामाला न्हाई. मार्गदर्शक म्हणून."

"मग पैशे कोण कोणाला देणार?"

"मी त्यांना. पंच्याण्णव हजार."

आबासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच मुलाकडे नीट पाहिलं. मग सूर्यभानरावांकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, काळजी होती. "का?"

"धंदा चालत न्हाई," सूर्यभानराव म्हणाले. इतके दिवस 'धंदा वाढवायचा आहे' असं म्हणत होते. खरा शब्द कसा बाहेर पडला ते त्यांनाच कळलं नाही. "दिवाळीपर्यंत चालला न्हाई, तर मेव्हण्याच्या दुकानात बसावं लागतंय."

कडूबाईंनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "त्याला कोच कशाला पायजे," त्या म्हणाल्या. "मी शुक्रवारी येऊन गेले. तुमच्या शेजारच्यांला विचारलं. पंक्चरवाला म्हणला, माणूस एक रुपयाला हात लावणार न्हाई, पण तेल घ्यायला गेलं की कर्ज मागायला गेल्यासारखं वाटतंय. किराणावाला म्हणला, दोनदा सही चुकली म्हणून मला परत लावलं, आता मी जिंतूरहून डबा मागवतो. रसवंतीवाली म्हणली, दुपारी एक ते तीन बाजार भरतो, तवाच हे जेवायला बसतात. तेल मी घरी नेलं. आमच्या घरात असं तेल माझ्या सासूच्या काळात होतं. त्या तेलासाठी मी टोकन घेतलं आन पोत्यावर बसले. दुसरी बाई बसणार न्हाई."

"हे मला कोणी सांगितलं न्हाई," सूर्यभानराव म्हणाले.

"तुमाला कशाला सांगतील? सोयरिकीचं विचारलं म्हणून सांगितलं. त्यात खोटं सांगितलं तर पाप लागतंय." कडूबाईंनी पदर सावरला. "मी तर गाडीतच आबाला म्हणत होते. पोरगी गुणाची हाय म्हणतात. पण व्याह्याकडं लग्नाला गेलं, तर जेवणाच्या पंगतीला बसायला टोकन लागन."

सूर्यभानराव हरकळांच्या घराला नकार मिळाला, तोही त्यांनी न केलेल्या मागणीला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एवढा स्पष्ट शेरा त्यांच्या गोपनीय अहवालात कधी पडला नव्हता. रागवावं असं त्यांना फार वाटलं. पण कोणत्या कलमाखाली रागवावं ते ठरेना, आणि तोवर पाहुण्यांचे पोहे खाऊन झाले. आबासाहेबांनी जाताना करडईचं पाच किलो तेल मागितलं. सूर्यभानराव रजिस्टर आणायला उठले, राजेश्रीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते पुन्हा बसले. घरातल्या डब्यातलं तेल अपेक्षानं दिलं.

जीपपर्यंत सोडायला सूर्यभानराव गेले. आबासाहेब आणि कडूबाई चढून बसले. शंतनु सर मागे रेंगाळले, आणि सभेत घुमणारा आवाज कुजबुजीवर आणून म्हणाले, "सर, एक विचारू? गावात माझ्याबद्दल काय म्हणले? मला आजवर कोणी तोंडावर सांगितलं न्हाई."

सूर्यभानरावांनी डायरी काढली. 'तीन व्यवसायांचा अनुभव' ही ओळ वाचायला सोपी होती. पण जीपच्या दाराला हात लावून उभ्या असलेल्या माणसाला अर्धवट सांगणं बरोबर दिसत नाही. त्यांनी शेळ्यांपासून शेडनेटपर्यंत सगळं सांगितलं. हाताला यश न्हाई, हेही सांगितलं. आणि पोरगं सोनं हाय, हे शेवटी सांगितलं, कारण ते म्हातारे पहिल्यांदा तेच म्हणाले होते.

बजरंगनं बुटाच्या टोकानं चाकाचा चिखल खरवडला. "शेळ्या माझ्यामुळं न्हाई मेल्या," तो म्हणाला. "लस उशिरा आली." मग गाडीत बसला. फी भरायची मुदत रात्री बारापर्यंत होती, पण तिचा उल्लेख दोघांपैकी कोणी केला नाही.

सूर्यभानराव घरात आले तेव्हा राजेश्रीबाई ठेवीची पावती कपाटात ठेवत होत्या.

"कोच लावत न्हाई," ते म्हणाले. "उद्यापासून टोकन बंद. जेवण चार वाजता." मग म्हणाले, "एवढं सगळ्या रस्त्याला माहीत होतं. निदान तुमी तरी सांगायचं."

"मला काय शुक्रवारी कळालं व्हय?" राजेश्रीबाई म्हणाल्या. "तुमचं स्थळ आलं तेव्हा माझ्या बापानं तुमच्या पतसंस्थेत जाऊन विचारलं होतं. तिथला शिपाई म्हणला, पोरगं इमानदार हाय, निर्व्यसनी हाय, पण समोर माणूस उभा राहिला की त्याला वाटतंय हा आपल्या उपकारावर जगायलाय. बापानं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं."

सूर्यभानराव खुर्चीवर बसले. चोवीस वर्षं जुना शेरा, आणि मूळ प्रत घरातच.

"हे माहीत असून तुमी होकार दिला?"

"होकार बापानं दिला," राजेश्रीबाई म्हणाल्या आणि कपाटाला किल्ली लावली. "मी अजून विचार करायलेय."